सुकराम मास्तर कोणासाठी थांबत नसत

रविवारी उपासना संपली की सुकराम मास्तर चर्चच्या मागच्या दारानं बाहेर पडत आणि कोणाशी न बोलता तरातरा घर गाठत. पुढच्या दाराशी लोक एकमेकांना सलाम करत, पोरंबाळं कडेवर घेऊन गप्पा मारत उभे असत. मास्तरांना त्यांच्यात उभं राहवत नसे. घटकेपूर्वीच या मंडळींनी त्यांचं चांगलं चालतं गाणं चिखलात रुतलेल्या गाडीसारखं ओढत नेलेलं असे, आणि त्यातलाच कोणी वर तोंड करून म्हणे, "मास्तर, आज ब्येस वाजनं." अशा वेळी माणसानं काय बोलावं? मास्तर घरी येऊन तांब्याभर पाणी पीत आणि बायकोची वाट बघत बसत, कारण खरी गुन्हेगार तीच होती.

गाव खांडबाऱ्याजवळचं, रेल्वेच्या रुळांना लागून. गावाच्या टोकाला मिशनचं चर्च. दगडी भिंती, कौलारू छप्पर, पुढं एक मोठा कडुनिंब, आणि आत उजव्या अंगाला तो ऑर्गन. मास्तर जन्मायच्या आधी कोणा गोऱ्या पाद्रीसाहेबानं आपल्या देशातून तो मागवला होता. बोटीनं मुंबईला, तिथून सुरतेवरून आगगाडीनं खांडबाऱ्याला आणि स्टेशनापासून बैलगाडीनं असा तो आला. येताना नाल्यात गाडी कलंडली आणि पायानं हवा भरायची सोय मोडली, ती कायमची. मग बाजूला एक लाकडी दांडा बसवला. एकानं उभं राहून दांडा वरखाली करायचा, भात्यात हवा भरायची, आणि दुसऱ्यानं पुढं बसून वाजवायचं. या बाजूला इतका जुना ऑर्गन दुसरा नाही असं मास्तर सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

मास्तर वाढले मिशनच्या बोर्डिंगात. तिथल्या म्हाताऱ्या मडमनं त्यांची लांब बोटं बघून त्यांना ऑर्गनापुढं बसवलं. ती शेजारी उभी राहून लाकडी पट्टीनं ताल ठोकायची, आणि ओळीच्या शेवटी सुकरामचं बोट जरा रेंगाळलं की तीच पट्टी बोटांवर बसायची. "थांबायचा नाही," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची. "लोक मागे राहील तर राहील. तू थांबायचा नाही." मडम पुढं आपल्या देशाला गेली आणि तिकडंच वारली. पट्टी मात्र मास्तरांच्या डोक्यात ठकठकत राहिली. ते शाळेत मास्तर झाले, गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पाढे शिकवले, सरकारी अर्ज लिहून दिले, भांडणं मिटवली. पण स्वतःबद्दल अभिमानानं सांगायची गोष्ट त्यांच्याकडं एकच होती. मी कोणासाठी थांबत नाही, असं ते म्हणत.

आणि देवानं अशा माणसाला कमलीबाई दिली.

मास्तरांच्या घरची बोली मावची. कमलीबाई नंदुरबारकडची, अहिराणी बोलणारी. लग्नानंतर घरात अहिराणीच सुरू झाली, कारण कमलीबाईपुढं दुसरं काही चालणं शक्यच नव्हतं. मास्तर तेवढे चिडले की शाळेतलं मराठी बोलत, आणि बायकोशी बोलताना ते बहुतेक वेळ चिडलेलेच असत.

कमलीबाईचा गळा मोठा आणि खणखणीत. माहेरी कोणाचंही लग्न असो, गाणाऱ्या बायकांत ती पुढं असायची. तिच्या गावाकडं लग्नाची गाणी बायका दोन बाजूंनी म्हणत. एका बाजूनं ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द धरून ठेवायचा, समोरच्या बायका पुढची ओळ उचलतील तोवर. मध्ये खंड पडला तर ते बरं समजत नसत. कमलीबाई सासरी आली, चर्चमध्ये बायकांच्या बाजूला पहिल्या चटईवर बसली आणि गीतंही तिनं तशीच म्हणायला सुरुवात केली. ओळ संपे, ऑर्गन पुढं निघायला बघे, आणि कमलीबाईचा शेवटचा शब्द हवेतच असे. पुरुषांनी पुढची ओळ उचलल्याशिवाय ती तो सोडायची नाही. पुरुष म्हणत, ती सोडेल तेव्हा उचलू. दोन-चार वर्षांत सगळी मंडळी तिच्यासारखी गायला लागली.

"अगं, ओळ संपली की सोडून द्यायची," मास्तर म्हणत.

"गानं काय खाले ठेवतस का, मास्तर?" कमलीबाई भाकरी थापता थापता विचारी. गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून तीही मास्तरच म्हणे. "ते दुसराना हातमा देनं पडस."

यावर मास्तरांनी काय काय करून पाहिलं नाही? शनिवारची तालीम ठेवली. मंडळी हौसेनं आली, चहा प्याली आणि ओढतच गायली. एकदा मडमसारखी पट्टी ठोकून पाहिली, तर लोकांना वाटलं ऑर्गनात उंदीर शिरला. एकदा तर रागारागानं भराभर वाजवून त्यांनी गाणं लोकांच्या आधीच संपवलं आणि झाकण लावून हाताची घडी घालून बसले. मंडळींनी उरलेलं कडवं ऑर्गनावाचून निवांत पुरं केलं आणि आमेन म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. मास्तरांचे केस पिकले, चष्मा लागला, पण गाणं काही वेळेवर संपलं नाही.

आता त्यांची एकच इच्छा उरली होती. कोणी गात नसताना ऑर्गन एकदा ऐकायचा. वाजवताना त्यांना स्वतःचं वाजवणं कधी धड ऐकूच येत नसे. ऐकू येई ती कमलीबाई. एकट्यानं वाजवून बघावं तर दांड्याला माणूस लागे, आणि ऑर्गनाचा आवाज गावात गेला की लोक हातातलं काम टाकून येत आणि गायला लागत. या गावात ऑर्गन वाजतोय आणि कोणी गात नाही, असं कधी घडलंच नव्हतं. त्यात भाते म्हातारे झालेले, कातडं ठिकठिकाणी चिकटवलेलं. एक दिवस ते फाटेल, आणि आपण खरे कसे वाजवत होतो हे कोणालाही कळणार नाही, ही गोष्ट मास्तरांना फार लागत होती.

आणि मग महाराष्ट्र राज्य नवं झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात, टेपवाले साहेब आले. मुंबईचा हा माणूस जुन्या चर्चमधल्या ऑर्गनांचे आवाज टेपवर धरून ठेवत गावोगाव फिरत होता. नवापूरकडं कोणीतरी त्याला मास्तरांच्या ऑर्गनाबद्दल सांगितलं. शनिवारी सकाळी खांडबारा स्टेशनावरून बैलगाडीत एक जड पेटी, मोटारीच्या दोन बॅटऱ्या आणि वायरींचं भेंडोळं घालून तो आला. वीज गावात नव्हतीच. ऑर्गन बघून तो खूश झाला. "मास्तर, मला फक्त ऑर्गन हवाय," तो म्हणाला. "गाणं नको. अजिबात कोणाचा आवाज नको."

मास्तरांना वाटलं, स्वर्गातून दूत आला तरी याहून वेगळं काय बोलला असता.

पहिली अडचण चक्कीची. अमरचंद शेठ मूळचे राजस्थानकडचे, गावात त्यांचं दुकान आणि पिठाची चक्की. चक्कीचं डिझेल इंजिन दिवसभर पुकपुकत असे. मास्तर स्वतः गेले आणि म्हणाले, "शेठ, थोडा वेळ चक्की बंद ठेवा. ऑर्गन टेपवर घ्यायचाय."

"तुम्हनासाठे दिनभर बंद ठेवस, मास्तर," शेठ म्हणाले आणि लगेच इंजिन बंद केलं. मास्तरांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून यायचे बाकी होते. परत येऊन बघतात तर त्यांच्या मागोमाग शेठ, आणि शेठच्या मागं दळणाचे डबे डोक्यावर घेतलेल्या सगळ्या बायका.

"तुम्ही कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"मन्ही चक्की बंद शे. मंग घर बठीसन काय करू?" शेठ म्हणाले आणि मागच्या बाकावर बसले. बायका डबे पुढं ठेवून चटईवर बसल्या. कमलीबाई पहिल्या चटईवर होतीच, ठेवणीतलं लुगडं नेसून.

मास्तरांनी उभं राहून समजावून सांगितलं. आज गायचं नाही. नुसतं ऐकायचं. तोंड मिटून. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबानं मशीन सुरू केलं, बोट वर केलं. दांड्यावर चुडामण उभा होता. चुडामण चर्चची झाडलोट करी, घंटा वाजवी आणि वर्षानुवर्षं दांडा मारी. त्यानं हवा भरली, मास्तरांनी पहिला सूर दाबला, आणि सगळी मंडळी एका दमात उठून उभी राहिली आणि गायला लागली.

साहेबानं मशीन बंद केलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"काबर उठनात?" अमरचंद शेठनी सगळ्यांना दरडावलं, तेव्हा कळलं की शेठही उभेच आहेत.

मग मास्तरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कडुनिंबाखाली बसवलं आणि दारं लावून घेतली. आत तिघंच उरले. साहेबानं बोट वर केलं. पहिली ओळ सुरेख गेली. दुसऱ्या ओळीला ऑर्गनाच्या मागून जाड्याभरड्या आवाजात गाणं येऊ लागलं.

"चुडामण," मास्तर हात थांबवून म्हणाले.

"मी नही, मास्तर. आपेआप निंघनं," चुडामण ओशाळून म्हणाला. "हवा भरता भरता दम लागस. दम लागना का गानं निंघस."

चुडामणच्या तोंडात त्याच्याच खांद्यावरचं फडकं कोंबलं. पुन्हा सुरुवात. या वेळी अख्खं कडवं झालं आणि नंदुरबारकडून मालगाडी आली. ड्रायव्हरला गावाची काय ओळख होती कोण जाणे, रुळांवर गुरं नसताना त्यानं लांबलचक शिटी वाजवली. साहेब वायरींकडं बघत म्हणाला, "मास्तर, बॅटरी उतरत चालली. एक गाणं होईल, आणि ते एकदा ऐकण्यापुरती उरेल. बस."

 मास्तरांनी ऑर्गनाच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि त्यांना बाहेरून काहीतरी ऐकू आलं. कडुनिंबाखाली सगळी मंडळी हळू आवाजात गात होती. हळू गायचं म्हणजे न गाण्यासारखंच, असा त्यांचा समज. आणि हळू असूनही कमलीबाईचा आवाज ओळखू येत होता, शेवटचा शब्द धरून बसलेला.

मास्तर दार उघडून बाहेर गेले. त्यांना इतका राग आला होता की तो शब्दांत मावेना. त्यांनी नुसता हात केला, आणि पोरांना सहलीला न्यावं तशी ती मंडळी, शेठ आणि दळणाच्या डब्यांसकट, रुळांपलीकडं शाळेत नेली. सगळे आत बसल्यावर बाहेरून कडी घातली. आतून कमलीबाई म्हणाली, "मास्तर, तुम्हनं डोकं फिरनं शे." मास्तर म्हणाले, "फिरलंय. इथंच बसा."

मग मात्र सगळं जुळून आलं. गाडी आली नाही, कावळा ओरडला नाही, चुडामण फडकं चावत राहिला. मास्तरांनी मडमनं शिकवलेलं संध्याकाळचं गीत वाजवलं, तिन्ही कडवी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचा सूर विरला तेव्हा साहेबानं मान हलवून मशीन बंद केलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचारायचं असल्यासारखं होतं, पण मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. ते धावत शाळेत गेले आणि कडी काढली.

"या," ते म्हणाले. "ऐका आता. ऑर्गन कसा चालतो ते एकदा कानांनी ऐका."

मंडळी आली, दाटीवाटीनं मशीनभोवती बसली. चाकं फिरू लागली आणि पेटीतून ऑर्गन निघाला. काय तो आवाज. भरदार, स्वच्छ, एकेक सूर वेगळा. मास्तरांचा ऊर भरून आला. आपण इतकं चांगलं वाजवतो, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिली ओळ संपली.

आणि ऑर्गन थांबला.

पेटीतून चुडामणच्या दांड्याची कर्रकर्र तेवढी येत होती. मग दुसरी ओळ सुरू झाली.

"तुमचं मशीन अडकतंय," मास्तर म्हणाले.

"मशीन नीट आहे, मास्तर," साहेब हळूच म्हणाला. "मी तेच विचारणार होतो. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबता कशासाठी?"

"मी थांबत नाही."

दुसरी ओळ संपली. पुन्हा कर्रकर्र. पुन्हा पुढची ओळ. तिसरी ओळ संपली तेव्हा कमलीबाईला राहवलं नाही. तिनं सवयीनं शेवटचा शब्द उचलला आणि धरला. तिनं सोडला आणि त्याच क्षणी पेटीतला ऑर्गन पुढच्या ओळीला लागला. मध्ये केस जाईल एवढीही फट राहिली नाही. चौथ्या ओळीला पुन्हा तसंच. पाचव्या ओळीला तिच्या लक्षात आलं आणि ती एकदम गप्प झाली. मग पेटीत आणि चर्चमध्ये, दोन्हीकडं शांतता पडली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मास्तरांना बरं झालं असतं. अमरचंद शेठ तेवढे विचार करून म्हणाले, "मास्तर, हाई तर बराबर भाभीना मापनं शे."

मास्तर ऑर्गनाच्या स्टुलावर बसले. त्यांना मडमची पट्टी आठवली. लग्नाला उभी हयात झाली होती, आणि तितकीच वर्षं ते या बाईवर चिडत आले होते. दर रविवारी मागच्या दारानं गेले होते. आणि आज तिला कडी लावून कोंडून, गाव गप्प करून, मालगाडीची वेळ चुकवून वाजवलं, तरी हात तिच्यासाठीच थांबले होते. ती नसतानाही थांबले होते. आपल्याच बोटांनी आपल्याला असं फसवावं, याची त्यांना मनस्वी चीड आली.

साहेब भला माणूस होता. "मास्तर, एवढं काही नाही त्यात," तो म्हणाला. "या मोकळ्या जागा कापून टाकता येतात. बघा." त्यानं खिशातून ब्लेड काढलं, तपकिरी फीत सरकवत नेमकी जागा शोधली, पहिल्या ओळीनंतरचा हातभर तुकडा कापला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. उरल्यासुरल्या बॅटरीवर त्यानं पहिल्या दोन ओळी वाजवल्या. पहिली ओळ संपली न संपली तोच दुसरी आली. मडम असती तर तिनं पट्टी खाली ठेवली असती.

सगळे ऐकत होते. कमलीबाईनं साहेबाला विचारलं, "हाई कोन वाजाडी ऱ्हायनं?"

ती चिडवत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. मास्तरांनाही आतून तसंच काहीसं वाटलं होतं, म्हणून तर ते जास्तच भडकले. "मी वाजवतोय," ते म्हणाले. "मी असाच वाजवतो. साहेब, सगळ्या जागा कापा. एक ठेवू नका."

"मुंबईला नेऊन कापतो," साहेब म्हणाला. तेवढ्यात बॅटरी उतरली आणि चाकं थांबली. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, म्हणून तो शेठकडं मुक्कामाला राहिला. मास्तर त्या दिवशी जेवायलाही नीट बसले नाहीत. कमलीबाईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं, आणि पहाटे उठून ती घरोघर बायकांना काहीतरी सांगून आली.

रविवारची उपासना सुरू झाली. साहेब मागं येऊन बसला होता. मास्तरांनी पहिली ओळ वाजवली, मंडळी गायली, ओळ संपली आणि मंडळी गप्प झाली. एकदम, कात्रीनं कापल्यासारखी. कोणीही शेवटचा शब्द ओढला नाही. मास्तरांची बोटं वरच्या वर राहिली. दांडा कर्रकर्र करत होता आणि सगळं चर्च त्यांच्याकडं बघत होतं, आता पुढं काय म्हणून. त्यांनी दुसरी ओळ सुरू केली, ती चुकीच्या जागी. मंडळींनी धावत ती गाठली आणि पुन्हा वेळेवर सोडून दिली. पुन्हा ती पोकळी. मास्तरांचे हात पट्ट्यांवर आंधळ्यासारखे चाचपडायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात काढून घेतले आणि स्टुलावर मागं वळले.

मंडळींचे चेहरे आज्ञाधारक होते. गणित बरोबर सोडवलेल्या पोरांसारखे. पहिल्या चटईवर कमलीबाई तोंडात पदराचं टोक घट्ट धरून बसली होती, चुकून आवाज निघू नये म्हणून.

"ओढा," मास्तर म्हणाले.

कोणाला काही समजलं नाही.

"ओढा म्हणतोय ना. कमले, तो पदर काढ आधी. ओढ." त्यांचा आवाज चिरकला. "आजवर सांगितलेलं ऐकलं नाहीत, ते आजच ऐकायचं सुचलं होय?"

त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. ओळ संपली, आणि कमलीबाईनं शब्द धरला. आधी घाबरत, मग तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, आणि तिच्या मागून सगळ्या चटया. पुढची ओळ कुठं उचलायची हे मास्तरांच्या बोटांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांचे डोळे भरले, आणि पट्ट्या दिसेनाशा झाल्या याचाही त्यांना रागच आला.

उपासना संपल्यावर मास्तर पुढच्या दारानं बाहेर आले. साहेबाची बैलगाडी कडुनिंबाखाली जुंपलेली होती. "साहेब, त्या जागा कापू नका," मास्तर म्हणाले. "आणि काल कापलेला तुकडा परत लावा."

साहेब हसला. "बाकीच्या नाही कापत. पण तो तुकडा मी खालीच टाकला होता. झाडून गेला असेल."

चुडामणला विचारलं, त्यानं कानावर हात ठेवले. मास्तर केर ढवळायला निघाले तशी कमलीबाई म्हणाली, "ती तपकिरी फीत ना? ती मी उचली. लाल कोंबडीना पायले बांधी. आपली आन शेजारनी, दोन्ही एकच रंगन्या शेत, वळखू येतस नहीत."

  मास्तर चर्चच्या आवारात चरणाऱ्या त्या कोंबडीमागं धावले. धुतलेलं धोतर, इस्तरीचा सदरा, उपासनेची मंडळी दोन्ही बाजूंना उभी. कोंबडी कडुनिंबाखालून गेली, बैलांच्या पायांतून गेली, शेजाऱ्याच्या कुडातून गेली. चुडामणनं आडवं होऊन ती थोपवली तेव्हा कुठं मास्तरांच्या हाती लागली. गाडीवरून साहेब म्हणाला, "मास्तर, राहू द्या हो. मी तेवढीच कोरी फीत लावतो. तसंही त्यात काहीच नाही."

"काही नाही कसं?" मास्तर धापा टाकत म्हणाले. "त्यात मी थांबलोय."

कोंबडी काखेत दाबून त्यांनी पायाची गाठ सोडली, फीत सदऱ्याला पुसली आणि साहेबाच्या हातात दिली. साहेबानं ती जपून पाकिटात ठेवली आणि गाडी स्टेशनाच्या वाटेला लागली.

"मंग आते कोंबडीना पायले काय बांधू?" कमलीबाईनं विचारलं.

मास्तरांनी खिशातून आपला रविवारचा पांढरा रुमाल काढला, त्याची कड टर्रकन फाडली आणि चिडूनच तिच्या हातात दिली.